शिरा हिरव्या, पान पिवळं

बागेतले प्रश्न

प्रश्न : भाऊ, सप्रेम नमस्कार. तीन वर्षांपूर्वी भाचीनं बेंगळूरहून विस्टेरिया या फुलवेलीचं रोप आणून दिलं. कलम आहे की बियाचं, तिलाही ठाऊक नाही. गच्चीवर सिमेंटच्या १४ इंची कुंडीत लावलंय. माती माझ्या माहेरची, अथणीची काळी. भावानं पोत्यातून आणून दिली. थंडीत पानं झडली, फेब्रुवारीत फूट आली आणि एप्रिलपर्यंत वेल अगदी हिरवीगार होती. मे लागला आणि शेंड्याकडची नवी पानं पिवळी पडायला लागली. कशानं की कळंना. एप्रिलपासून नळाला पाणी पुरत नाही म्हणून झाडांना बोअरचं घालते. ऊन लागू नये म्हणून कुंडीखालची थाळी भरून ठेवते. ज्यानं त्यानं वेगळं सांगितलं. एप्सम सॉल्ट दोनदा घालून झालं, शेजारच्या काकूंनी चुलीतली राख घाला म्हटलं, जाऊबाईंनी गंजके खिळे पुरायला लावले, थोडा युरियाही दिला. फरक काहीच नाही. पाकिटात दोन पानं ठेवलीत, एक शेंड्याचं, एक बुडाकडचं. वेल वाचेल का? आणि आपल्या बेळगावात हिला फुलं येतात का?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : ताई, दोन पानं पाठवलीत आणि कुठलं कुठचं तेही चिठ्ठीवर लिहिलंत, हे फार बरं केलंत. मला येणाऱ्या पत्रांतल्या बहुतेकांत एवढंच असतं की पानं पिवळी पडली, औषध सांगा. कुठली पानं आधी पिवळी पडली हे त्यात नसतं, आणि निदान तर सगळं तिथंच असतं.

तुमचं शेंड्याचं पान खिडकीशी धरून बघितलं. एका देठावर अकरा पर्णिका, म्हणजे छोटी पानं. प्रत्येक पर्णिका पिकल्या लिंबासारखी पिवळी, पण मधली शीर आणि तिला फुटलेल्या बारीक शिरा हिरव्या. हिरव्या शाईच्या टाकानं जाळी काढावी तशा स्पष्ट. टोकाच्या दोन पर्णिका तर जवळजवळ पांढऱ्या झाल्यात आणि त्यांच्या कडा करपल्यात. बुडाकडचं पान बघितलं तर ते हिरवंच, फक्त टोकाला किंचित तपकिरी. दोन्ही पानं उलटून पांढऱ्या कागदावर झटकली, कागद बोटानं चोळला. लाल कोळी ही बारीक कीड असती तर कागदावर तांबूस रेघ उमटली असती. काही उमटलं नाही. तेव्हा कीड नाही.

आमच्या घरी याला केवडा म्हणत. माझे वडील चिकोडीकडचे ऊसवाले. आमच्या शेतात विहिरीच्या वरच्या अंगाला चुनखडीचा एक पट्टा होता. बाकी ऊस काळाभोर आणि तेवढ्या पट्ट्यातला पिवळा, खोडव्याला, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाला, तर हमखास. लांबून बघितलं तर केवड्याचं पातं मधेच उघडल्यासारखं दिसे. मी खानापूर रस्त्याला नर्सरी सुरू केली त्या पहिल्याच उन्हाळ्यात अनंताची चाळीसेक रोपं अशीच पिवळी पडली. मी युरिया देत राहिलो. पाने वाढली, पण आणखी पिवळी वाढली. वडील एकदा सहज आले, एक शेंडा खुडून बघितला आणि म्हणाले, ‘अरे, हा केवडा आहे. ताटात वाढलंय, पण त्याला गिळता येईना झालंय.’ त्या चाळीसातली अकरा वाचली. तेव्हापासून पिवळं पान दिसलं की खताच्या डब्याकडे हात जायच्या आधी मी पाण्याकडे आणि मातीकडे बघतो.

तुमच्या वेलीला लोह मिळत नाहीये. मातीत लोह नाही असं मात्र नाही, काळ्या मातीतही ते भरपूर असतं. पण मातीत चुना वाढला, तिचा सामू (पीएच) साडेसातच्या वर गेला, की लोह विरघळत नाही आणि न विरघळलेलं मुळांना घेता येत नाही. तुमच्या कुंडीत चुना चार वाटांनी शिरलाय. अथणीची काळी माती मुळातच चुनखडीची. कुंडी सिमेंटची, तिच्या अंगातून चुना पाझरतो. बोअरचं पाणी जड. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, तेच पाणी दोन महिने रोज कुंडीत गेलं. आणि वर राख! काकूंनी मायेनं सांगितलं असेल, पण राख म्हणजे पुन्हा क्षारच. त्यात थाळी कायम भरलेली. मुळांना हवा नाही मिळाली की चुनखडीच्या मातीत लोह उचलणं आणखी अवघड होतं. एप्रिलपर्यंत नळाचं पाणी होतं तोवर वेलीनं कसंबसं निभावलं, बोअर सुरू झाल्यावर तिला जमेना.

खात्री करायची असेल तर एक सोपी गोष्ट करा. कुंडीतली चमचाभर सुकी माती बशीत घ्या आणि तिच्यावर व्हिनेगर टाका. चर्र होऊन बुडबुडे आले तर चुना आहेच. शिवाय कुंडीच्या आतल्या कडेला, मातीच्या जरा वर, पांढरा खरबरीत थर बसलाय का तेही बघा. बोअरच्या पाण्यानं बादलीला बसतो ना, तसाच.

आता शेंडाच का पिवळा पडला आणि बूड का नाही, हे एकदा नीट समजून घ्या, म्हणजे पुढं कुणी काही सांगितलं तरी तुम्ही फसणार नाही. नत्र आणि मॅग्नेशियम ही अन्नं झाडाच्या अंगात हलतात. ती कमी पडली तर झाड जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देतं, म्हणून बुडाकडची पानं आधी पिवळी होतात. लोह एकदा पानात बसलं की तिथून हलत नाही. ते कमी पडलं की उपाशी राहतं ते नवं पान. म्हणून तुमचं एप्सम सॉल्ट वाया गेलं, ते मॅग्नेशियम आहे. युरिया म्हणजे नत्र, तो तर या वेलीला नकोच होता. विस्टेरिया द्विदल आहे, आपल्या तुरीच्या, शेंगांच्या, सोयाबीनच्या जातकुळीतली. शेंगांचं झाड उपटल्यावर मुळांना बारीक गाठी दिसतात ना, तशा गाठी हिच्याही मुळांना असतात आणि हवेतलं नत्र ती त्यांतून मिळवते. वरून नत्र दिलं की नुसती पानं आणि वेलांट्या, फुलं लांबणीवर. जाऊबाईंच्या खिळ्यांचंही सांगतो. गंज म्हणजे लोहच, पण पाण्यात न विरघळणारं. खिळे काढून टाका, माती उकरताना हाताला लागतील.

लगेच करायचं ते असं. बोअरचं पाणी आजपासून बंद. नळाचं येईल तेव्हा एक बादली वेलीसाठी बाजूला ठेवा. थाळी काढून टाका आणि कुंडी दोन विटांवर उचलून ठेवा, म्हणजे तळाची भोकं मोकळी राहतील. त्या भोकांतून एक काडी घालून बघा. काळी माती तळाशी चिखलासारखी बसून भोकं बुजवते. पाणी रोज घालायची गरज नाही. बोट दोन पेरं आत घाला, ओल लागली तर त्या दिवशी नको.

खताच्या दुकानातून चिलेटेड लोह, म्हणजे विरघळलेलं राहील असं बांधलेलं लोह, आणा, पण त्यात दोन जाती असतात हे लक्षात ठेवा. पाकिटावर ‘ईडीटीए’ लिहिलेलं सर्रास मिळतं. ते चुन्याच्या मातीत टिकत नाही, फवारणीपुरतं ठीक. मातीत घालायला ‘ईडीडीएचए’ लिहिलेलं मागा. थोडं महाग असतं, पण सामू आठच्या वर असला तरी काम करतं. पाण्यात टाकलं की कोकम सरबतासारखा गडद लाल रंग येतो, घाबरू नका. पाकिटावर सांगितलंय तेवढंच घ्या, चिमूटभरही जास्त नको. माती आधी ओली करून मग संध्याकाळी घाला. ते मिळालं नाही तर हिराकस, पूर्वी शाई करायला वापरायचे तीच. एक लिटर पाण्यात २ ग्रॅम हिराकस, अर्ध्या लिंबाचा रस, गाळून ऊन उतरल्यावर शेंड्याच्या पानांवर दोन्ही बाजूंनी बारीक फवारा. दहा दिवसांनी पुन्हा एकदा. जास्त दाट केलंत तर पानांवर काळे ठिपके पडतील. आणि गच्चीच्या फरशीवर जुनं पोतं अंथरून मगच फवारा, हिराकशीचा तांबूस डाग सिमेंटवरून जात नाही. हिराकस मातीत ओतू नका, चुना तिला तिथल्या तिथं निकामी करून टाकेल.

पिवळी झालेली पानं पुन्हा पूर्ण हिरवी होतील ही आशा धरू नका. करपलेली तर नाहीच. दोन-तीन आठवड्यांनी जे नवं पान येईल ते बघायचं. तेही उमलताना आठवडाभर पोपटी-तांबूस असतं, तो त्याचा जातीचा रंग. पूर्ण उघडल्यावर हिरवं झालं, तर वेल वाचली म्हणून समजा.

खरं औषध मात्र आभाळातून येणार आहे. हा अंक तुमच्या हातात पडेल तोवर मृग लागलेला असेल. पावसाचं पाणी म्हणजे बिनचुन्याचं पाणी, वेलीसाठी याहून चांगलं काही नाही. आपल्या बेळगाव शहरात वर्षाला १२०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तुमच्या माहेरी अथणीकडं त्याच्या निम्म्याच्या आसपास. एवढं आयतं मिळत असताना ते गच्चीवरून गटारात सोडू नका. पन्हळीखाली एक पिंप ठेवा, झाकण लावून, डास होणार नाहीत असं. कुंडी उघड्यावरच राहू द्या. दोन-चार मोठे पाऊस तिच्यातून गेले की साचलेले क्षार तळातून वाहून जातील. पण जुलैच्या झडीत पाणी वर तुंबून राहिलं तर कुंडी एका बाजूला कलती करून ठेवा. त्या दिवसांत पान पिवळं पडलं आणि मातीला कुबट, सडल्यासारखा वास आला, तर ते लोहाचं नाही, मुळं कुजायला लागलीत असं समजायचं.

कुंडी आणि माती बदलायची, पण आत्ता नाही. विस्टेरियाला मुळांना हात लावलेला खपत नाही, भर वाढीत तर नाहीच. जानेवारीत पानं झडलेली असतात, वेल झोपलेली असते, तेव्हा करा. खानापूरकडची १८ इंची मातीची कुंडी आणा. तिकडच्या कुंभारकामाला चिखल चांगला, भाजणी चांगली, आणि कुंडी श्वास घेते. माती दोन घमेली तांबडी, जांभ्याची, खानापूर-जांबोटीकडची. ती स्वभावानंच आंबट असते. त्यात एक घमेलं कुजलेला पालापाचोळा आणि एक घमेलं जाड वाळू. मुळांचा गोळा अख्खा काढा. बाहेरची काळी माती बोटांनी हलकेच झाडा, आतली ओढून काढू नका. त्या वेळी गोळा जरूर बघा. मुळं कुंडीच्या आकारात गोल गोल फिरलेली असतील, तीन वर्षं १४ इंचात म्हणजे असणारच. बाहेरची फिरलेली मुळं कात्रीनं तीन-चार ठिकाणी छाटा. माहेरची माती टाकवत नाही हे मला समजतं. तिच्यात शेवंती लावा, झेंडू लावा. त्यांना ती चालेल.

डिसेंबरात सगळी पानं एकदम, बुडापासून शेंड्यापर्यंत सारखी पिवळी होऊन गळाली, तर मात्र काही करू नका. ही पानझडी वेल आहे, दर वर्षी असंच होणार.

फुलांचं विचारलंत, तर खरं तेच सांगतो. ही चीन-जपानकडची वेल. शिमल्याला, काश्मीरला ती फुलते, कारण तिच्या कळ्या नीट उमलायला आधी चांगली थंडी लागते. बेळगाव ७५० मीटरवर असलं तरी आपली थंडी तिच्या मानानं सौम्य. रोप बियाचं असेल तर पहिल्या फुलाला दहा-पंधरा वर्षंही लागतात, कलम असेल तर तीन-चार. बुंध्याशी जमिनीपासून वीतभर अंतरात जोडाची गाठ किंवा वाकडेपणा दिसतो का बघा. दिसला तर कलम. तसं असेल तर आशा आहे. कुंडी गच्चीच्या अशा कोपऱ्यात ठेवा जिथं हिवाळ्याच्या रात्री उघडं आभाळ असेल आणि दिवसा निदान सहा तास ऊन. ऑगस्टात लांब वेलांट्या पाच-सहा पानांवर छाटा, जानेवारीत त्याच दोन-तीन डोळ्यांवर आणा. फुलं आलीच तर पुढं घेवड्यासारख्या मखमली शेंगा धरतील. त्या आणि त्यांतलं बी विषारी आहे. घरात लहान मूल असेल तर शेंगा कोवळ्या असतानाच खुडून टाका.

वेल वाचेल, ताई. बुडाकडचं पान हिरवं आहे याचा अर्थ मुळं अजून चालू आहेत. जुलैअखेर पुन्हा दोन पानं पाठवा, एक शेंड्याचं आणि एक बुडाचं.

प्रश्न : नर्सरीतून ‘निळी विस्टेरिया’ म्हणून वेल आणली. पान एकेकटं, मोठं आणि हाताला खरखरीत लागतं. फेब्रुवारीत निळ्या चांदण्यांसारखे तुरे आले. खालची काही पानं पिवळी पडून गळतात. लोह द्यावं का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : ही विस्टेरिया नाही, पेट्रिया आहे. विस्टेरियाच्या एका देठावर दोन्ही बाजूंनी पर्णिका असतात आणि फूल वाटाण्याच्या फुलासारखं. पेट्रियाचं पान एकच, समोरासमोर आलेलं, पॉलिश पेपरसारखं खरखरीत. तुम्ही फसला असलात तरी तोट्यात नाही. ती उष्ण हवेतली वेल आहे, आपल्याकडं मनापासून फुलते. फुलं येऊन गेल्यावर जुनी चार पानं पिवळी होऊन गळणं नेहमीचंच. शेंडा हिरवा असेल तर लोह नको. ओंजळभर जुनं शेणखत द्या आणि तुरे वाळल्यावर हलकी छाटणी करा.

प्रश्न : ताईंसारखंच माझ्या कुंडीतल्या कागदी लिंबाचं झालंय वाटतं, पानं पिवळी आहेत. आमच्याकडंही बोअरच आहे. पण पिवळी झालेली पानं खालची आहेत, आणि देठाकडं थोडी जागा हिरवी राहते.
— एक वाचक, निपाणी

*(शहापूरच्या ताई या निपाणीच्या वाचक बाईंच्या शेजारच्या गल्लीत पाहुण्या म्हणून आल्या होत्या, तिथं दोघींचं बोलणं झालं, असं पत्रात लिहिलंय.)*

उत्तर : ते सारखं नाही. देठाकडची हिरवी जागा पाचरीसारखी दिसते का? रुंद बाजू देठाकडं आणि टोक पानाच्या शेंड्याकडं? आणि पानाच्या दोन्ही कडा पिवळ्या? लिंबाच्या जुन्या पानांवर असं दिसलं की मॅग्नेशियम कमी पडलंय. फळं धरलेल्या झाडावर जास्त दिसतं, कारण फळं ते ओढून घेतात. म्हणजे ताईंच्या वेलीवर वाया गेलेलं एप्सम सॉल्ट तुमच्या लिंबाला लागू पडेल. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम, संध्याकाळी पानांवर फवारा, पंधरा दिवसांनी दुसऱ्यांदा. पोटॅश भरपूर घालत असाल तर ते तूर्त थांबवा, पोटॅश वाढलं की झाड मॅग्नेशियम कमी उचलतं. आणि पुढच्या महिन्यात शेंड्याची पानंही बघत जा. तीही हिरव्या शिरांची पिवळी निघाली, तर बोअरच्या पाण्यानं तुमच्याकडंही केवडा आलाय आणि मग वर ताईंना सांगितलं ते सगळं तुम्हालाही करावं लागेल, पिंपासकट.